नाकरावाची बुरशी

बसा असे जवळ, आणि चहा गार होऊ देऊ नका. चहाचीच गोष्ट सांगतो, म्हणजे खरं तर नाकाची. झाली की एक काम सांगणार आहे, तेवढं मात्र करायचं.

आमच्या चहाच्या पेढीवर एक चाखणारा. सगळे त्याला नाकराव म्हणायचे, आणि ते शहाणं त्याला मान समजायचं. घोट सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा आणि निकाल द्यायचा. तोही डोळे मिटून. "डोळे फसवतात, नाक फसवत नाही," म्हणायचा. मालकसुद्धा त्या नाकापुढे जायचा नाही.

गोदाम सांभाळायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. गरीब गाय. पेट्या भिंतीपासून हातभर लांब रचायचा, ओल लागली का म्हणून रोज चाचपून बघायचा.

एक दिवस नाकरावाने कप नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "बुरशी."

दुसरा कप. "बुरशी. गोदामात चहा ठेवतोस की मेलेले उंदीर?"

"दाजी, पेट्या कोरड्या ठणठणीत आहेत. येऊन हात तरी लावा."

"हात लावायला हमाल आहेत. मला नाक आहे."

चांगला माल परत जायला लागला. एकेक पेटी गेली की नाकरावाला आतून गुदगुल्या व्हायच्या. अख्ख्या पेढीत कळतं ते आपल्या एकट्याला, बाकीच्यांची नाकं म्हणजे चष्मा टेकवायच्या खुंट्या. शेवटी मालकाने मेहुण्याला घरी बसवलं. जाताना तो एवढंच बोलला, "दाजी, सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हणाल, तेव्हाच या दारात पाय ठेवीन."

गोदामावर नवा माणूस आला. वास तोच. घरी उशीला तोच, बायकोने धुतलेल्या चादरीला तोच. डावा गाल ठणकायचा, त्याच नाकपुडीतून काहीतरी घट्ट घशात उतरायचं. त्याचंही खापर नाकरावाने गोदामाच्या हवेवर फोडलं.

बायको भावापायी धुमसत होतीच. सुट्टीच्या दिवशी तिने टेबलावर कप मांडले. "अहो, नवा माल आलाय म्हणे. जरा बघून सांगा."

डोळे मिटले. "बुरशी." पुढचा. "बुरशी." शेवटचा. "हा तर पार कुजलाय."

"आता डोळे उघडा."

कपांत नुसतं गरम पाणी होतं. शेवटच्यात तेही नव्हतं.

"इथेही माझ्या भावानेच ओल लावली का?" तिने विचारलं.

नाकरावाने तो रिकामा कप पुन्हा हुंगला. वास तोच. मग दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन काढला. डाव्या गालाच्या हाडामागे पोकळी असते, तिच्यात बुरशीचा गोळा. वरच्या दाढेत भरलेलं सिमेंट आत सरकलं होतं, त्याच्याभोवती तो धरला होता. नाकातूनच दुर्बीण घालून काढला. तपकिरी, चिकणमातीसारखा. बाटलीत घालून दाखवत बाई म्हणाल्या, "बरेच दिवस पोसलीत. नशीब, आजूबाजूला पसरली नाही."

वाटलं असेल तुम्हाला, आता तरी शरमेल. नाकरावाने बाटली उजेडात धरली, फिरवून बघितली. "म्हटलं नव्हतं, बुरशी आहे म्हणून? माझं नाक चुकलं नाही."

"नाक नाही चुकलं," बायको म्हणाली, "ज्याच्या तोंडावर आहे तो चुकला." आणि बाटली काढून घेतली.

आता गाल बरा आहे, वासही गेला. मालकाने मेहुण्याला बोलावणं धाडलं, तो येत नाही. आणि हा 'चुकलो' म्हणत नाही. पण परवा मी दाराआडून बघितलं. चाखायच्या खोलीत एकटाच बसला होता. कप नाकाशी नेण्याआधी एक डोळा हळूच किलकिला केला, आत बघितलं. मग दाराकडे बघितलं, जिथे मेहुणा उभा असायचा.

तुमचं घर मेहुण्याच्याच गल्लीत ना? मग जाता जाता त्याच्याकडे डोकवा. म्हणावं, तो शब्द त्या तोंडातून निघायचा नाही, तिथवर कुठली दुर्बीण पोचत नाही. पण डोळा उघडायला लागलाय. तेवढ्यावर भागव बाबा, आणि ये.