साहेबांच्या खांद्यावर गेलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे, आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, मधूनमधून उसासे टाकावेत, असा रिवाज आहे. छत्र्या, कंदील, पाटे-वरवंटे सगळे तसंच करतात. मलाही जमलं असतं. पण यंदा जे घडलं ते गोड बोलून सांगता येणार नाही, तेव्हा माझा खरखरीतपणा सोसून घ्या.

सिल्लोडहून अजिंठ्याच्या डोंगराकडे जाताना आडबाजूला एक माळ लागतो. त्या माळावरच्या धनगरवाडीत माझा जन्म झाला. सूर्यभानने काळी मेंढरं ओढ्यात धुतली आणि कातरली. त्याची बायको कस्तुराबाई तेव्हा नवी नवरी होती. कळपामागे चालता चालता तिने माझं सूत कातलं. सनगराने मागावर विणून मला चिंचोक्याची खळ लावली. त्या खळीने मी इतकी ताठ झाले, की घडी घालताना कस्तुराबाईला माझ्यावर गुडघा टेकवावा लागे. मला त्याचा अभिमान होता.

कामाचं म्हणाल, तर काय नाही केलं? पावसात मी डोक्यावरची खोळ झाले, थंडीत पांघरूण झाले. माळावर मेंढी व्याली, की ओलं कोकरू माझ्यात गुंडाळून घरी यायचं. खंडोबाची तळी भरताना खाली मीच असायचे. आणि वाडीत भांडण झालं, की पंच मला पसरत. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एकदा कचरूने दुसऱ्याचा एडका आपल्या कळपात दडवला होता. देवाच्या, आईच्या, पोराबाळांच्या शपथा त्याने धडाधड घेतल्या. पंचांनी मला पसरलं आणि म्हणाले, "बस हिच्यावर." कचरू बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "एडका आनून देतो." सगळी वाडी हसली, कचरूही हसला. तेव्हा खोटं बोलणाऱ्याला निदान लाज तरी वाटत असे.

पुढे सूर्यभान वारला. प्लॅस्टिकचे कागद आले, बाजारातून फुलाफुलांची मऊ ब्लँकेटं आली. अंगद, म्हणजे कस्तुराबाईचा मुलगा, म्हणाला, "माय, ही लई टोचती." मग माझी रवानगी पेटीत झाली. मी रुसले, पण रागावले नाही. म्हातारपण सगळ्यांनाच येतं.

राग आला तो भाद्रपदात. नवी लढाऊ विमानं येणार, त्यांच्या चाचण्या चालू झाल्यात, असं माणसं बोलत होती. एका दुपारी अंगद माळावर मेंढरं चारत होता आणि एक विमान अगदी खालून गेलं. आधी विमान गेलं, मग आवाज आला. पत्रे थरथरले, पेटीत मीही हादरले. मेंढरं उधळली आणि जुन्या दगडखाणीत एकमेकांवर जाऊन पडली; काही तिथेच मेली. वाचलेल्या मेंढ्या बहुतेक गाभण होत्या. पुढच्या दोन-चार दिवसांत एकेक करून गाभडल्या. केस न फुटलेली, डोळे मिटलेली कोकरं. कस्तुराबाईने मला पेटीतून काढलं, कारण कोकराला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं तिला पटत नाही. इतकी वर्षं मी जिवंत कोकरं पुसली होती. त्या आठवड्यात मी फक्त झाकण्याचं काम केलं.

त्यानंतर जनसुनावणीची दवंडी झाली. नव्या विमानांमुळे पर्यावरणावर काय परिणाम होईल, ते लोकांनी सांगायचं आणि वरच्या साहेबांनी ऐकायचं. वाडीला आणि खालच्या गावाला हायसं वाटलं. गावचे सरपंच नानासाहेब मोठे बागायतदार, पण त्यांच्याही म्हशी त्या आवाजापासून दूध चोरायला लागल्या होत्या. ते म्हणाले, "सायेब येवढ्या लांबून आपलं ऐकाया येतेत. त्यांना मोकळ्या खांद्यानं धाडायचं का? सत्कार तर कराच लागन." झालं! आमच्या मुलखात माणूस तक्रार ऐकायला आला तरी आधी त्याला नारळ. एक वेळ मांडवाला खांब नसला तरी चालेल, पण सत्काराशिवाय कार्यक्रम उभा राहत नाही.

कस्तुराबाईने मला ओढ्यावर धुतलं आणि उन्हात वाळवलं. अंगद भडकला. "माय, आपली मेंढरं मेली आन त्यास्नीच घोंगडी?"

"त्यानं नाय मारली रं. त्यो ऐकाया आलाय," ती म्हणाली. "आन ध्यानात ठेव, घोंगडी अंगावर आसली का माणसाला खोटं बोलवत नाय."

तिचा तो विश्वास ऐकून मलाही भरून आलं. आम्ही दोघी मूर्ख होतो.

शाळेच्या पटांगणात मांडव पडला. नानासाहेबांनी साहेबांना फेटा बांधला, नारळ दिला. कस्तुराबाईने मला त्यांच्या खांद्यावर घातलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मग साहेबांनी अहवाल वाचायला घेतला. "सदर माळ निर्जन आहे. पाहणीत तिथे पाळीव जनावरं आढळली नाहीत. सबब आवाजाचा परिणाम नगण्य."

मी त्यांच्या मानेवर होते. माझ्या लोकरीत जेवढी टोचणी होती तेवढी मी टोचले. त्यांनी नुसती कॉलर सारखी केली.

कस्तुराबाई उठली. "सायेब, कवा केली पाहनी?"

"माघ महिन्यात, मावशी."

"माघात आमी खानदेशात आस्तो. दिवाळी झाली का मेंढरं घिऊन घाट उतरतो, मिरगाला माघारी येतो. कुलूप दिसलं म्हून त्या घरात कुनी ऱ्हातच नाय, आसं आस्तंय का?"

"हे बघा, देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे."

"माझा पुतन्या फौजेत हाय, सायेब. इमानाला कोन नगं म्हनतंय? मेंढरं गाभन आस्ती तवा जरा उंचावरून न्या, नायतर डोंगराच्या पल्याडून न्या. येवढंच मागनं हाय."

"नोंद घेतली," साहेब म्हणाले. नानासाहेबांनी म्हशींचं सांगितलं. नोंद घेतली. अंगदने दगडखाणीचं सांगितलं. नोंद घेतली. नोंद घेणाऱ्याच्या हातात पेन नव्हतं, हे एवढ्या जवळून फक्त मला दिसत होतं. तुम्ही माणसं एखादं काम रखडवता आणि त्याला 'भिजत घोंगडं' म्हणता. रखडवता तुम्ही आणि नाव आमचं बदनाम.

कार्यक्रम संपला. गाडीत बसताच साहेबांनी मला खांद्यावरून काढलं आणि म्हणाले, "ही डिकीत टाक. फार टोचते." ड्रायव्हरने मला स्टेपनीखाली अंथरलं. पंक्चर झालं, तेव्हा काळे हातही मलाच पुसले.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. अंगावर मी, डोक्याला फेटा, मागे हसणारं गाव. खाली छापलं होतं, 'ग्रामस्थांकडून नव्या विमानांचे उत्स्फूर्त स्वागत'. कस्तुराबाईची नात सृष्टी शहरात, मुकुंदवाडीला मामाकडे राहून कॉलेज करते. तिने तो पाहिला आणि घरी फोन लावला. "आजी, तुमी विरोध केला का स्वागत केलं? हितं तर स्वागत लिवलंय!" मी डिकीत होते, त्यामुळे हे आणि पुढचं मला नंतर कळलं. कस्तुराबाई त्या दिवशी जेवली नाही म्हणे.

आणि मग तिने जे केलं, ते आमच्या मुलखात कुणी केलं नव्हतं. दिलेला आहेर परत मागणं म्हणजे केवढी नामुष्की! तरी ती अंगदला आणि नानासाहेबांना घेऊन शहरातल्या कचेरीत गेली आणि साहेबांपुढे उभी राहिली.

"माझी घोंगडी द्या."

साहेब हसले. "अहो मावशी, तुम्हीच प्रेमाने दिली होती ना?"

"दिली व्हती. आता माघारी न्यायला आले. सत्कार माघारी घेतलाय. तसं तुमच्या कागदात लिवा."

नानासाहेबांची मान खाली होती, तरी ते बोलले. "आमचा नारळ खाल्ला आसंन तर ऱ्हाऊ द्या. पन स्वागत नव्हतं. ते बी लिवा."

शिपायाने मला डिकीतून आणलं. माझ्या अंगावरच्या ग्रीसच्या डागांवरून कस्तुराबाईने एकदा हात फिरवला. तिने मला तिथेच फरशीवर पसरलं.

"बसा, सायेब. हिच्यावर बसून सांगा, माळावर मेंढरं नाय म्हून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मला मीटिंग आहे," ते म्हणाले. जाता जाता दारातून सांगितलं, "ठीक आहे, पुन्हा पाहणी करू. पौषात."

पौषात! मित्रांनो, कस्तुराबाईने नुकतंच भर मांडवात त्यांना सांगितलं होतं, की दिवाळीनंतर आम्ही इथे नसतो. तीसुद्धा नोंद घेतलीच होती म्हणायची.

म्हणून यंदा वाडीने घाट उतरला नाही. माळावर आता खडक आणि कुसळं उरलीत. अंगद बाभळी ओरबाडून पाला टाकतो, नानासाहेब कडब्याच्या पेंढ्या धाडतात, पण एवढ्या तोंडांना ते किती पुरणार? मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या आहेत. खानदेशातल्या हिरव्या रानांची वाट त्यांना पाठ आहे. रोज सकाळी ती घाटाच्या दिशेने तोंड करतात, आणि कस्तुराबाई काठी आडवी धरून त्यांना मागे वळवते. वळवताना ती त्यांच्याकडे पाहत नाही.

मित्रांनो, घोंगडी जपा, ती थंडी-पावसात कामी येते, असं मी सांगायला हवं होतं. पण माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्या गावात कुणी तुमचं म्हणणं ऐकायला आलं, तर आधी म्हणणं मांडा. त्यांनी काय लिहून घेतलं, ते मोठ्याने वाचायला लावा. खरं ऐकून घेणाऱ्याचा सत्कार उठतानाही करता येतो. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या मोठे साहेब झालात, तर कुठल्याही माळाला निर्जन म्हणण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, की बाबा, तू घरी कधी असतोस?

काल सकाळी एक मेंढी व्याली. तिला पान्हा फुटला नाही. कोकरू चांगलं धडधाकट होतं, उभंही राहिलं होतं. दुपारपर्यंत ते कोरडी आचळं चोखत राहिलं. संध्याकाळी कस्तुराबाईने त्याला माझ्याखाली ठेवलं. आभाळात कालपासून एकही विमान गेलेलं नाही. हे कोकरू आवाजाने नाही मेलं. या माळावर आपण राहतो, हे साहेबांना दाखवण्यासाठी त्याची आई उपाशी थांबली होती, म्हणून ते मेलं.