सासूबाईंचं उड्डाण

सासूबाईंनी अंतराळात जायचं ठरवलं तेव्हा घरात कुणालाही विचारलं नाही. सुनेला ते कळलं ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत. भिंतीवरच्या पडद्यावर चार हसरे चेहरे झळकले आणि त्यांतला एक तिच्याच घरातला निघाला. घास तिच्या हातातच राहिला.

ती काम करायची त्या अंतराळसहलीच्या कंपनीचं मागचं उड्डाण फसलं होतं. आत माणसं नव्हती म्हणून निभावलं, पण तिकिटं काढलेल्यांनी पटापट पाय मागे घेतले. सरकारी यान फसलं असतं तर चौकशी बसली असती आणि सगळं काही वर्षं थंड पडलं असतं. खाजगी कंपनीला एवढा दम कुठला? स्पर्धक कंपनीचं यान तर सज्जच उभं होतं. तेव्हा मालकांनी डोकं लढवलं: पुढच्या उड्डाणात आपल्याच कर्मचाऱ्यांचे नातलग पाठवायचे. घरचीच माणसं बसतात म्हटल्यावर लोकांची तोंडं बंद होतील. पहिलं नाव त्यांनी आपल्या धाकट्या भावाचं दिलं. दुसरं नाव सासूबाईंनी स्वतःच दिलं.

"आई, तुम्ही मला निदान विचारायचं तरी!" घरी आल्या आल्या ती म्हणाली.

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस." सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. उभा जन्म त्यांनी पोहण्याच्या तलावावर शिट्टी फुंकत काढला होता. बोलणंही तसंच, एकदा वाजलं की संपलं. "तू त्या यंत्रावर लोकांच्या पोराबाळांना बसवणार आहेस ना? मग सासूला बसवायला काय झालं?"

नवरा बायकोकडेच वळला. "तू प्रमुख आहेस ना? बंद पाड हे."

बंद पाडणं तिच्या हातात नव्हतं. उड्डाणप्रमुखाच्या खुर्चीत बसून यान सुटल्यावर सांभाळणं, एवढंच तिचं काम. ती मालकांकडे गेली. "त्या दिवशी तरी माझ्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवा."

"छे छे, तुम्हीच बसायचं!" मालक खुशीत म्हणाले. "बातमी तीच तर आहे."

त्या खुर्चीसमोर झाकणाखाली सुटकेचं बटण होतं. ते दाबलं की रॉकेटच्या शेंड्यावरची, माणसं बसलेली कुपी तोफेतल्या गोळ्यासारखी बाजूला फेकली जायची. जीव वाचायचा, पण आतल्या माणसाच्या पाठीची पार दैना व्हायची. सासूबाईंची हाडं तपासणाऱ्या डॉक्टरांनी सही केली, पण करताना म्हणाले होते, "बटण दाबायची वेळ येऊ नये, एवढंच."

उड्डाणाच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. रॉकेट डौलात उठलं. कुपीतल्या कॅमेऱ्यात मालकांचा भाऊ डोळे मिटून बसला होता आणि सासूबाई खिडकीला नाक लावायला बघत होत्या. काचेपलीकडच्या पाहुण्यांच्या खोलीत नवरा उभा होता. मालक तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांचा श्वास तिला मानेवर जाणवत होता.

मग इंजिनकडे लक्ष ठेवणारा तरुण ताठ झाला. "इंधनाच्या पंपाची थरथर वाढतेय."

पडद्यावरची एक रेघ वर चढली, तांबड्या पट्ट्यात शिरली.

"दुसरा सेन्सर काय म्हणतो?" तिने विचारलं.

"दुसरा गप्प आहे. सगळं ठीक दाखवतोय." त्याने ओठ चावला. "पहिला एकटाच ओरडतोय."

दोन्ही सेन्सर ओरडले असते तर संगणकानेच कुपी सोडली असती. एकाच्या ओरडण्यावर निर्णय माणसाचा. तिने झाकण उघडलं. बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच थबकलं. डोळ्यांसमोर पंप नव्हता, होती ती सासूबाईंची पाठ, सकाळी पायऱ्या उतरताना किंचित वाकलेली.

"थांबा," मालक कानाशी कुजबुजले. "उगाच घात होईल."

रेघ आणखी चढली. "मॅडम!" तरुण ओरडला.

तिने बटण दाबलं.

पडद्यावरचं चित्र हादरलं आणि काळं झालं. मग आभाळात कुपीच्या तीन हवाई छत्र्या उमलल्या. तिकडे रॉकेट मात्र शहाण्यासारखं खाली आलं आणि आपल्या चौथऱ्यावर दिमाखात उभं राहिलं, जणू काही झालंच नव्हतं. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

बाकीचे तिघे खरचटण्यावर सुटले. सासूबाईंच्या मणक्याला तडा गेला. आणि चौकशीत निघालं की पंप ठणठणीत होता, सेन्सरची वायर ढिली होती.

नवरा दोन वाक्यांपलीकडे तिच्याशी बोलेनासा झाला. मालकांनी मात्र बोलावून घेतलं. "यंत्र निर्दोष आहे, हे लोकांना पटलं पाहिजे. सासू आत होती म्हणून घाबरून हात घाईत गेला, एवढंच सांगा. तुम्हाला कुणी दोष देणार नाही."

ती तशीच इस्पितळात गेली. सासूबाई पट्ट्यात आवळलेल्या, छताकडे बघत पडल्या होत्या.

"आई, हात घाईत नव्हता गेला," ती म्हणाली. "उशिरा गेला. तुमच्या पाठीचा विचार आला आणि मी थांबले. पंप खरंच फुटणार असता, तर..."

सासूबाईंनी छतावरची नजर तिच्याकडे वळवली. "म्हणजे माझ्यापायी त्या तिघांचा जीव टांगून ठेवलास?"

"हो."

"तलावात माझाच पोरगा आणि दुसऱ्याचं पोर एकदम बुडायला लागलं असतं, तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. तुला तिथे बसवायलाच नको होतं. आणि मी तरी कशाला नाव दिलं! जा, खरं ते सांगून टाक. माझ्याकडे बघत बसू नकोस."

पत्रकारांसमोर तिने जे घडलं तेच सांगितलं. मालकांचा चेहरा उतरला. पुढच्या उड्डाणाला खुर्चीत दुसरंच कुणी होतं. पण नातलगांची योजना गुंडाळली गेली, आणि ज्याचं माणूस आत त्याने बटणाशी बसायचं नाही, हा नियम झाला. तो लिहायला मालकांनी तिलाच बसवलं. आपण 'थांबा' म्हणालो तेव्हा आपला भाऊही त्या कुपीत होता, हे त्यांना उशिरा उमगलं असावं.

सासूबाई घरी आल्या. नवरा आईला उशी लावताना बायकोला म्हणाला, "जरा त्या बाजूने धर." तेवढ्यावर घर पुन्हा बोलतं झालं.

एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, "किती वर गेले होते गं मी?"

"आणखी जरासं वर गेला असतात, तर भर दिवसा आभाळ काळं दिसलं असतं."

"जरासं म्हणजे?"

"अगदी जरासं."

"मेली ती वायर!" सासूबाई म्हणाल्या आणि पाठ दुखेपर्यंत हसल्या. सुनेला मात्र हसू आलं नाही. तिने त्यांच्या पाठीमागे हात घातला आणि त्या टेकेपर्यंत तसाच धरून ठेवला.