‘फक्त चालते’ म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे आणि सध्या मी चांगलीच रागावले आहे. डहाणूत धनेशभाऊ आणि सुषमाताई यांच्या अंगणात मी गेली तेरा वर्षं राहते. परवा त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने, तुषारने, मोबाईलवर माझी जाहिरात टाकली. फोटो काढताना तो मित्राला म्हणाला, “ही गाडी नाही रे, चाकं लावलेलं कपाट आहे. हिच्यात काही मजाच नाही. फक्त चालते.”

फक्त! तेरा वर्षांत मी एकदाही रस्त्यात बंद पडले नाही, त्याला हा ‘फक्त’ म्हणतो!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अगदी माझ्यासारख्याच शेकडो पांढऱ्या बहिणी तिथे रांगेत उभ्या होत्या. मी घरी आले तेव्हा माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पहिली फेरी महालक्ष्मीच्या देवळाला झाली. सहा वर्षांचा तुषार मागच्या काचेतून रस्त्यावरच्या प्रत्येकाला हात दाखवत होता. तेव्हा मी कपाट नव्हते!

मी पडेल ते काम केलं. धनेशभाऊंची घोलवडला रोपवाटिका आहे. तिथली चिकूची कलमं मी वाहिली. नरपडहून सुके बोंबील आणले, आणि त्यांचा वास पुढे महिनाभर माझ्याच नावावर खपला. उन्हात काचा बंद करून माझ्या पोटात चिकूसुद्धा पिकवले. मी कुरकुरले नाही.

पण सगळ्यात मजेची गोष्ट घडली चिखल्याच्या किनाऱ्यावर. ओहोटीला तिथली वाळू घट्ट होते. सुषमाताई तिथेच गाडी शिकल्या. पहिल्या दिवशी त्यांनी क्लच असा सोडला की मी बेडकासारखी उडी मारली.

“अगं, ब्रेक दाब!” धनेशभाऊ ओरडले.

“तिन्हींतला कुठला?” त्याही ओरडल्या.

दोन महिन्यांनी त्या एकट्या मला घेऊन तलासरीपलीकडच्या त्यांच्या शाळेत गेल्या. त्या तिथे शिक्षिका आहेत. त्याआधी दोन रिक्षा बदलून शेवटची चढण त्यांना पायी चढावी लागे.

आता मला विकून उंच, काळी, छताला काच असलेली गाडी घ्यायचं ठरलं. ती तुषार चालवणार होता.

“मग मी शाळेत कशी जाऊ?” सुषमाताईंनी जेवताना विचारलं.

“रिक्षा आहेत ना, मम्मी,” तुषार म्हणाला. धनेशभाऊ ताटाकडे बघत राहिले. माझं इंजिन बंद होतं, तरी मी तापले.

शनिवारी सकाळी सातच्या आधी उंबरगावहून मनिषभाई मला बघायला आले. तुषार झोपला होता, धनेशभाऊ रोपवाटिकेत गेले होते. सुषमाताई किल्ली घेऊन बाहेर आल्या. “गाडी बघायचीय ना? बसा. मला शाळेला उशीर होतोय.”

पुढच्या फाट्यावर जिवली आणि जमना नेहमीप्रमाणे उभ्या होत्या. जिवली तलासरीला चिकू विकते, जमना शाळेत पोषण आहार शिजवते. डिकीत शाळेसाठी घेतलेली रोपं होती, म्हणून जिवलीची टोपली मनिषभाईंच्या मांडीवर गेली.

“बाई, हे पावणे कोण?” जिवलीने विचारलं.

“गाडी विकत घ्यायला आलेत.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग जमना म्हणाली, “मग आम्हालापण घ्या, भाई. आम्ही हिच्यासोबतच येतो.”

“जेवायला काय देणार पण?” जिवली म्हणाली.

“चिकू देईन,” मनिषभाई म्हणाले.

“ते तर माझेच हायेत!”

सगळे इतके हसले की मनिषभाईंच्या मांडीवरची टोपली हलू लागली. तलासरीआधीची चढण आली. बोलता बोलता सुषमाताईंनी दुसरा गिअर टाकला आणि मी धापा न टाकता वर गेले.

“बेन, गाडी एकदम मस्त आहे,” मनिषभाई म्हणाले. “अशी मजा तर माझ्या मोठ्या गाडीतपण नाही येत. आजच घेऊन जातो.”

“आपण हसलो तेच चुकलं,” जिवली मागे पुटपुटली.

सुषमाताईंनी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि धनेशभाऊंना फोन लावला. “ऐका. तुम्हाला नवी घ्यायची तर घ्या. ही विकायची नाही. हिच्या कागदांवर माझं नाव घाला.”

 पलीकडून आवाज आला, “बरं. पण त्या मनिषभाईंना काय सांगू?”

“काही सांगू नका. ते इथेच आहेत, मांडीवर टोपली घेऊन.”

तलासरीला उतरताना मनिषभाईंनी माझ्या टपावर थाप मारली आणि जिवलीकडून दोन किलो चिकू घेतले. पुढच्या महिन्यात माझ्या कागदांवर सुषमाताईंचं नाव आलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या साध्या गाड्यांची काळजी घ्या. ऑइल वेळेवर बदला. किनाऱ्यावरून आलात की आम्हाला खालून गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी आमचा पत्रा खातं. ‘मजा नाही’ म्हणण्याआधी एकदा आत बसून बघा. आणि घरची गाडी विकायची ठरवाल, तेव्हा ती रोज चालवणाऱ्या माणसाला आधी विचारा. मला कोणी विचारलं नाही, ते एक वेळ चालेल. मी गाडी आहे. पण आईलाही विचारू नये?