भेसळ

सारिकाला पुन्हा माणसांत आणलं ते कुठल्या डॉक्टरनं नव्हे, ठाकरवाडीच्या रंजनानं. दुसऱ्या खेपेलाही पोटातलं मूल गेलं, तेव्हा सारिका गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसायची आणि कुणी हाताला धरून उठवलं तरच उठायची. रंजना त्यांच्याकडं लावणी-कापणीला येणारी बाई. कापणी उरकल्यावर एके दिवशी ती सुपात पावट्याच्या शेंगा घेऊन गोठ्यात शिरली, अर्ध्या शेंगा सारिकाच्या ओच्यात ओतल्या आणि शेजारी बसून सोलायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी सारिकाचे हात आपसूक शेंगांकडं गेले. असं चालता चालता कधीतरी सारिका रडली, आणि रडता रडता बोलायला लागली.

त्या दोघींचं बसणं हळूहळू गोठ्यातून देवळामागच्या सभागृहात गेलं. आंबेसर तसं लहान गाव, कामशेतपासून आत, डोंगराला टेकलेलं. वर चढावर ठाकरवाडी. गावातल्या चार बायका येऊ लागल्या, वाडीतल्याही आल्या. दुपारच्याला सगळ्या बसायच्या, कुणी तांदूळ निवडायची, कुणी गोधडी शिवायची, आणि मनात असेल ते कुणीतरी काढायची. त्याला बैठक म्हणायचे एवढंच. चहा एकाच पातेल्यात व्हायचा, कधी गावातली करायची, कधी वाडीतली. सारिकाच्या सासूला, धोंडाबाईंना, हे पातेलं फार खुपायचं. त्या तोंडावर काही बोलत नसत, पण सून बैठकीहून आली की तिनं हातपाय धुतल्याशिवाय चुलीकडं येऊ नये, असं त्यांनी एकदा सहज बोलल्यासारखं सुचवलं होतं. रंजनाला सारिका ‘रंजनाताई’ म्हणते, हेही त्यांच्या कानाला टोचायचं.

मग बायामावशीचा मुलगा करण गेला. वाडीतला तो पट्टीचा पोहणारा पोरगा. धबधब्याखालच्या डोहात पर्यटक बुडाला की त्यालाच हाक जायची. एका रविवारी मुंबईची दोन मुलं त्यानं काठाला लावली, तिसऱ्यासाठी परत आत गेला आणि वर आला नाही. बायाला दुसरं कुणी नव्हतं. ती खाईना, आंघोळ करीना. रंजनानं तिला हाताला धरून ओढत बैठकीत आणलं. बाया खांबाला टेकून बसायची. पुष्कळ दिवसांनी तिनं गोधडीचा एक टाका घातला, पुढं एकदा अर्धी भाकरी खाल्ली, आणि होळीच्या सुमाराला कुणाच्या तरी बोलण्यावर हसलीसुद्धा. ते हसू बघून सारिका घरी आली तेव्हा तिला आपलंच पोट भरल्यासारखं वाटलं होतं.

सुहास सर आले ते त्यानंतर. पुण्याच्या एका संस्थेचं संशोधन होतं, खेड्यातल्या बायकांच्या मनाच्या आजारांवर गावातल्याच बाईनं घेतलेल्या सत्रांचा उपयोग होतो का, यावर. सर तरुण, मऊ बोलणारे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी बैठक पाहिली आणि म्हणाले, आम्ही जे उभं करायला निघालोय ते तुम्ही आधीच केलंय. सारिकाला ‘सखी’ नेमलं. लोणावळ्याच्या एका हॉटेलात प्रशिक्षण झालं, गळ्यात ओळखपत्र आलं, निळी पिशवी आली. नवरा कैलास तळेगावच्या कंपनीत बायकोचं कौतुक सांगू लागला. ज्या घरात तिला दोन वर्षं ‘बिचारी’ म्हणत होते, तिथं आता ‘मॅडमला उशीर होतोय, चहा टाका’ असं होऊ लागलं. सारिकाला हे सगळं आवडलं. ते कबूल करायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात या आवडण्याचा वाटा होता.

गावातल्या आणि वाडीतल्या सगळ्या बायकांनी संशोधनात भाग घ्यायला संमती दिली, कुणी सही करून, कुणी अंगठा उठवून. मग सर एका सकाळी आले आणि सारिकाला बाजूला घेऊन म्हणाले, पुण्यात कॉम्प्युटरनं गट पाडलेत. गावाला सत्रं आत्ता मिळतील. वाडी नंतरच्या गटात आहे, त्यांना सहा महिन्यांनी. तोवर त्यांची नुसती प्रश्न विचारून मोजणी होईल.

सारिका म्हणाली, ठीक आहे, सत्रं नंतर घेऊ. बैठकीला येतीलच त्या.

“तेच सांगायचं होतं,” सर म्हणाले. “सध्या त्यांनी बैठकीला न आलेलं बरं. तुम्हीही वाडीत त्या विषयावर बोलू नका. दोन गट मिसळले तर फरक कशामुळं पडला ते कळणार नाही. भेसळ होते, ताई.”

दुधात पाणी मिसळलं तर भेसळ म्हणतात, हळदीत रंग मिसळला तर म्हणतात. बाया आणि आपण एका सतरंजीवर बसलो तर कशात काय मिसळतं, हे तिच्या ध्यानात येईना. तिनं विचारलं, “सर, बैठक तर त्यांचीच आहे. रंजनाताईनं सुरू केलेली. आणि बायामावशी आत्ता कुठं जेवायला लागलीये.”

सर शांतपणे म्हणाले की त्यांना कळतंय, पण सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, नंतर त्यांनाही मिळणारच आहे, आणि यातून पुढं हजारो बायकांना फायदा होईल. बायाला फारच त्रास वाटला तर वरच्या डॉक्टरांकडं पाठवायची सोय आहेच. बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. सारिकानं मान हलवली.

वाडीत जाऊन हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. आज जाऊ, उद्या जाऊ, म्हणत ती राहिली, आणि ती घरात जे बोलली ते ऐकून तिच्याआधी धोंडाबाईंनी काम उरकून टाकलं. खुरपणीला आलेल्या बायकांना त्यांनी बांधावरूनच सांगितलं की आता बैठकीला येऊ नका, पुण्याचे डॉक्टरच नको म्हणतात. सारिकाला हे कळलं ते सासूच्या तोंडून, ताटावर बसलेली असताना.

“म्या येवढी वर्सं सांगत हुते तर म्या जुनाट,” धोंडाबाई खुशीत म्हणाल्या. “आता शिकलेला मानूसबी तेच म्हनतोय. मिसळलं की इटाळ व्हतो.”

सारिकाच्या तोंडात घास होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. सासूचं म्हणणं चुकीचं आहे असं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण सरांनी काय वेगळं सांगितलं होतं ते तिला शब्दांत मांडता आलं नाही. ती उठली आणि मोरीत जाऊन चूळ भरली.

सत्रं सुरू झाली. झाडाखाली बसलेल्या उदास बाईचं चित्र, मग श्वास कसा घ्यायचा त्याचं चित्र, मग ‘मला आनंद देणाऱ्या गोष्टी’. गावातल्या बायका नटूनथटून यायच्या. धोंडाबाईसुद्धा यायला लागल्या, पहिल्या ओळीत बसायच्या. चहा आता संस्थेकडून थर्मासमध्ये यायचा. एकदा सगळ्यांना मोकळं वाटतं का असं विचारलं, तर धोंडाबाई म्हणाल्या, लय मोकळं वाटतंय, हवा खेळती झाली. बाकीच्या हसल्या. कशाला हसल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. सारिकानं पुढचं चित्र उलटलं. स्वतःच्याच गोड आवाजाची तिला किळस आली होती. तरी तिनं सत्र पुरं केलं, आणि पुढचंही केलं.

रंजना रस्त्यात भेटायची बंद झाली. ती लोणावळ्याजवळच्या वलवणला बंगल्यांच्या साफसफाईला जायला लागल्याचं कानावर आलं. सकाळी जीपनं जायची, दिवेलागणीला यायची. बाया कशी आहे, हे विचारायला सारिकाला तोंड नव्हतं.

पावसाळा सरत आला तेव्हा मधली मोजणी आली. वाडीची वाट दाखवायला सरांनी सारिकाला बरोबर घेतलं. बायाच्या झोपडीचं दार उघडंच होतं. आत अंधार, आंबट कुबट वास, चुलीत कोंबडीनं अंडं घातलेलं. म्हणजे ती चूल किती दिवसांत पेटली नव्हती कोण जाणे. बाया कोपऱ्यात होती. केसांचं जटेसारखं भेंडोळं झालं होतं, हाताच्या काड्या झाल्या होत्या. तिनं सारिकाकडं पाहिलं, आणि ओळख असल्याचं काही दाखवलं नाही.

सर उंबऱ्यापाशी उकिडवे बसले आणि मांडीवरच्या टॅबलेटवरचे प्रश्न त्याच मऊ आवाजात वाचू लागले. गेल्या पंधरा दिवसांत झोप लागली का. भूक लागली का. प्रत्येक उत्तराला बोटाची एक टिचकी. शेवटी त्यांनी विचारलं, यापेक्षा मेलेलं बरं असं वाटतं का.

“व्हय,” बाया म्हणाली. “रोज.”

टिचकी वाजली. सरांनी तिला हेल्पलाइनचा नंबर असलेलं कार्ड दिलं, आणि मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. नियमात होतं ते सगळं त्यांनी नीट केलं. वाडीत फोनला रेंज नव्हती आणि बायाकडं फोनही नव्हता. तिनं कार्ड उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं.

परतताना गाडीत सर टॅबलेट बघत होते. उतारावर गाडी हळू चालली होती. दोन्ही गटांचे आकडे शेजारी लावून ते म्हणाले, “फरक खूप छान दिसतोय, ताई. मला इतका अपेक्षित नव्हता.”

सारिकाला आधी कळलं नाही. मग कळलं. खाली धोंडाबाई हसतात आणि वर बाया वाळते, या दोन्हींमधलं अंतर जेवढं मोठं तेवढं यांचं काम चांगलं. बायाच्या काड्या झालेल्या हातांवर हा माणूस खूश झाला होता. वाईट मनानं नव्हे. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत चांगले गुण पडलेल्या पोराचा आनंद होता, आणि तोच तिला बघवेना. गाडीतला सुगंधी वास नाकात गेला. तिनं गाडी थांबवायला सांगितली, दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला भडभडून ओकली.

सरांनी धावत येऊन पाण्याची बाटली पुढं केली. गाडी लागली का, म्हणून विचारलं. तिनं बाटली घेतली नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून सीटवर ठेवलं आणि म्हणाली, “मी वर चाललेय. बायामावशीपाशी बसायला. तुमच्यात भेसळ झाली तर होऊ दे.”

ती चालत वाडीत पोचली तेव्हा बंगल्यांवरची जीप नुकतीच आली होती. रंजना झोपडीच्या दारात होती, हाताला फिनेलचा वास. सारिका पुढं झाली, तशी ती आडवी उभी राहिली.

“कुनाच्या वतीनं आलाय, वैनी?”

“माझ्या.”

“मंग यवढे दिस कुटं हुता?” रंजनाचा आवाज चढला नाही. “डाक्टर नको म्हनला आसंल. त्यो परका. तुमच्या सासूचंबी म्हाईत हाय. पन तुमी यिऊन तोंडानं सांगितलं असतं तर म्या हिला सोडून कामाला गेली नसती. मला वाटलं, बैठकच मोडली. मंग कशाला हितं बसायचं?”

सारिका चपला काढून उंबऱ्यापाशी उभी राहिली. रंजना बाजूला झाली. दोघींनी मिळून पाणी तापवलं, बायाला न्हाऊ घातलं. जट सुटेना, तेव्हा कातरीनं कापली. त्या पाण्याला जो वास होता तो सारिकाला मुळीच घाण वाटला नाही. सरांच्या गाडीतला तेवढा अजून नाकात होता.

दुसऱ्या दिवशी कैलासनं रजा टाकली आणि चिठ्ठी घेऊन चौघं सरकारी दवाखान्यात गेली. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या काही दिवसांत बाया नुसती झोपून राहिली, मग उठून बसायला लागली. एकदा तिनं भात मागितला. रंजनानं बंगल्याचं काम अर्ध्या दिवसावर आणलं.

सारिकानं फोन करून सरांना रीतसर कळवलं की वाडीत आपण रोज बसतो, बोलतो, सगळं करतो. ते रागावतील, निदान वाद घालतील, अशी तिची अपेक्षा होती. ते म्हणाले, “काही हरकत नाही, ताई. आम्ही ती वाडी हिशेबातून वगळू. आमच्याकडं बाकीच्या पुरेशा आहेत.” आवाज तितकाच मऊ. फोन ठेवल्यावर सारिकाला वाटलं, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वाडीतल्या बायकांचा अंगठा घेऊन, त्यांची बैठक मोडून, त्या आता मोजायलाही नकोत. उरलेल्या महिन्यांनंतर मिळणार होती ती सत्रंही मग वाडीला मिळाली नाहीत.

गावाला दुसरी सखी नेमली. हिवाळ्यात लोणावळ्याच्या त्याच हॉटेलात समारोप झाला. आंबेसरच्या वतीनं धोंडाबाईंना बोलावलं होतं. त्या सत्काराची शाल पांघरूनच घरी आल्या आणि ओसरीवर पाय पसरून सांगू लागल्या. जेवणात किती प्रकार होते, खुर्च्यांना कशी रेशमी कापडं घातली होती, सरांनी कसा वाकून नमस्कार केला.

“म्या माईकवर सांगितलं,” त्या म्हणाल्या, “आमच्या गावात समद्या बाया येका जागी बसत्यात. कुनी येगळं न्हाई. लय टाळ्या पडल्या.”

सारिका त्यांना जेवायला वाढत होती. तिनं पळी पातेल्यात सोडली, पदराला हात पुसले आणि चपला घालून बाहेर पडली. कुठं निघालीस, म्हणून धोंडाबाईंनी विचारलं. तिनं सांगितलं, वाडीत. हातपाय धुवायचं मात्र परत आल्यावर सुचवू नका, नाहीतर मी तिथंच राहीन. धोंडाबाई शाल सावरत बघत राहिल्या.

वाडीत रंजना अंगणात चूल फुंकत होती. तिनं अजून सारिकाला पूर्वीसारखं हसून ‘या’ म्हटलं नव्हतं, एकदाही नाही. बाया दारात बसून तांबडा भात कालवत होती. सारिका थोडी लांब उभी राहिली. रंजनानं वर न बघता पायानं एक पाट तिच्याकडं सरकवला.

“बसा,” ती म्हणाली. “पन आज लय बोलू नगा. तिला जेवू द्या.”