वारसा-पुरुषाची नेमणूक

जुनी वास्तू जगवायची असेल, तर आधी तिच्यातला जीव काढून घ्यावा लागतो, हे सूत्र प्रथम कोणत्या विद्वानाला सुचले ते ठाऊक नाही. पण त्या थिएटरच्या नव्या व्यवस्थापनाने ते अक्षरशः पाळले होते. तिकीट-खिडकीची पितळी जाळी घासूनपुसून लखलखीत केली होती आणि तिच्यामागे भिंत बांधली होती, कारण तिकिटे आता फोनवरच मिळत. बाल्कनीकडे जाणाऱ्या जिन्याच्या शिसवी कठड्याला लाल दोरी बांधून पाटी लावली होती : ‘ऐतिहासिक कठडा. कृपया आधार घेऊ नये.’

गुडघ्यावर हात ठेवून, कठड्याचा आधार न घेता, दोघे तो जिना चढले. ती निवृत्त ग्रंथपाल. तो याच थिएटरचा निवृत्त ऑपरेटर. चौतीस वर्षे त्याने इथल्या कॅबिनमधून लोकांना सिनेमे दाखवले होते. तीन तास बसमध्ये बसवून त्यांना इथवर आणले होते ते एका पत्राने. ‘आपण आमचा जिवंत वारसा आहात,’ असे त्यात लिहिले होते.

“जिवंत आहात, एवढं तरी तपासून घेतलंय,” पत्र वाचून ती म्हणाली होती.

पत्राबरोबर सध्या गर्दी खेचणाऱ्या सिनेमाची दोन मानाची तिकिटे होती आणि एक करारनामाही होता. दर शनिवारी-रविवारी, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, जुना खाकी गणवेश घालून ऑपरेटरने कॅबिनमध्ये बसायचे. कॅबिनची मागची भिंत काढून तिथे काच बसवली होती. काचेपलीकडून पाहुणे येत-जात राहणार, फोटो काढणार. सही मध्यंतरात करायची होती.

ही सही होऊ द्यायची नाही, एवढ्याचसाठी ती आली होती. पुस्तक काचेच्या कपाटात गेले की त्याचे काय होते, ते तिने आयुष्यभर पाहिले होते. त्याच्यापुढे थांबून सगळे माना डोलावतात आणि वाचत मात्र कोणी नाही. चौतीस वर्षे त्या कॅबिनने नवरा वापरला आणि उरलासुरला घरी पाठवला, याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती. पण आता तो उरलासुरलाही हे लोक मांडून ठेवायला मागत होते. बसमध्ये तिने एकूण सात मुद्दे काढले, त्यांचा क्रम लावला आणि पाचव्याला दोन पोटमुद्देही जोडले.

शेजारी तो मात्र नव्या नवरदेवासारखा बसला होता. पँटला स्वतः इस्त्री केली होती, दाढी दोनदा. त्यालाही दोष कसा द्यावा? निवृत्तीच्या आठ वर्षांत त्याला कोणी काही दाखवायला सांगितले नव्हते. मग तो शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या टीव्हीचे रंग नीट करी. अलीकडे शेजारी दार उघडण्याआधी टीव्ही बंद करू लागले होते.

सिनेमा सुरू झाला. नायकाने पहिल्या वीस मिनिटांत एकट्याने चाळीस हजारांचे सैन्य कापून काढले, तेही इतक्या संथ गतीने की प्रत्येक मरणाऱ्याला आपापला न्याय्य वाटा मिळावा. प्रेक्षकही कर्तव्यदक्ष होते. पडद्यावरचे युद्ध ते हातातल्या फोनवर टिपून घेत होते, म्हणजे पुढे कधीतरी न बघण्याची सोय झाली.

“अगं,” तो कुजबुजला, “फोकस गेलाय.”

“मला तर सगळं दिसतंय.”

“दिसणं वेगळं आणि स्पष्ट दिसणं वेगळं. तो सेनापती बघ. मिशा आहेत का त्याला?”

तिने चष्मा सारखा केला. “असाव्यात.”

“असाव्यात! सिनेमात ‘असाव्यात’ नसतं. एक तर असतात, नाहीतर नसतात.”

“अहो, बसा हो. तुम्ही आज पाहुणे आहात.”

तो बसला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटे बसली नाहीत. खुर्चीच्या हातावर ती एक न दिसणारे चाक हळूहळू फिरवत होती. मध्यंतरापर्यंत सव्वा तास ती फिरत राहिली. नायकापेक्षा त्या बोटांनी जास्त पराक्रम केला आणि दोघांच्याही प्रयत्नांनी जगात काडीचा फरक पडला नाही.

मध्यंतरात व्यवस्थापिका आली. वय तिशीच्या आतले, गळ्यात ओळखपत्र, त्यावर हुद्दा : वारसा-अनुभव प्रमुख.

“सर! लेजेंड! कसा वाटला पहिला भाग?”

“अर्धा आटा,” तो म्हणाला.

“काय, सर?”

“लेन्स. अर्धा आटा फिरवली की झालं. सगळं चित्र धुरकट आहे. कॅबिनमध्ये कोण आहे? त्याला सांगा.”

“कॅबिनमध्ये कोणीच नसतं, सर. आमच्या मुख्यालयातून एकाच वेळी साठ पडदे चालतात.” आणि मग अभिमानाने, “आजवर फोकसची एकही तक्रार नाही.”

“यायची नाहीच,” ग्रंथपाल म्हणाली. “आंधळ्यांच्या गावात चष्म्याच्या दुकानालाही तक्रार येत नाही.”

व्यवस्थापिका दिलखुलास हसली. टोमणा पोहोचायलासुद्धा समोरच्याकडे पत्ता असावा लागतो.

कॅबिनमध्ये त्याचा जुना प्रोजेक्टर उभा होता. त्याला इतके पॉलिश केले होते की पहिल्या क्षणी त्याने तो ओळखलाच नाही. ज्या पेटीत पूर्वी प्रकाशासाठी कार्बनच्या कांड्या जळत, तिथे आता एक केशरी दिवा लुकलुकत होता. लेन्सच्या मागच्या गेटमधून फिल्मऐवजी प्लॅस्टिकची पट्टी ओवलेली होती, तीही उलटी. त्याने खाली वाकून पाहिले.

“मोटर कुठाय?”

“काढली, सर. फार जड होती. तुम्ही फक्त शेजारी बसायचं. पाहुणे आले की हे हँडल फिरवायचं, टकटक असा आवाज रेकॉर्ड केलेला आहे, आपोआप येतो.”

कोपऱ्यात पांढऱ्या पेटीसारखे नवे यंत्र कुलूपबंद होते. त्याचा प्रकाश भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पडद्यावर जात होता. जुना झरोका त्याच्या खुर्चीच्या अगदी समोर होता. तिथे बसणाऱ्याला पडदा अख्खा दिसावा. पडद्यावर शीतपेयाची जाहिरात चालली होती. धुरकट.

तिने पर्समधला करारनामा काढला आणि तालिका तपासावी तसा वाचला. “कलम चार. पाहुण्यांशी केवळ आनंददायी आठवणींबद्दलच बोलावे.”

“ते आपलं असंच, मॅडम. लोक रडायला लागतात ना.”

त्याने खिशातून पेन काढले, टोपण उघडले. तिने श्वास घेतला आणि पहिला मुद्दा जिभेवर आणला.

“एक विचारू का?” तो व्यवस्थापिकेला म्हणाला. “मी इथे बसलोय. समोर पडदा. फोकस गेला. मग मी काय करायचं?”

“काही नाही, सर. तुम्ही टेन्शनच घ्यायचं नाही. नव्या मशीनला हात लावला तर वॉरंटी जाते.”

“हात नाही लावत. ओरडून सांगितलं तर?”

“काच साउंडप्रूफ आहे, सर.”

“म्हणजे मला दिसणार. आणि मी बसून राहणार.”

“एक्झॅक्टली!” समजून घेतल्याबद्दल ती त्याच्यावर खूश झाली.

त्याने पेनाला टोपण लावले. “पुतळा बसवा,” तो म्हणाला. “खाकी कपडे माझे पाठवून देतो, मापात बसतील. पुतळ्याला फोकस दिसत नाही. तुम्हालाही बरं, त्यालाही बरं.”

मग व्यवस्थापिकेचा चेहरा उजळला. “आयडिया छान आहे, सर,” ती म्हणाली आणि तिने ती फोनमध्ये नोंदवून घेतली.

सातही मुद्दे तोंडात धरून ग्रंथपाल उभी राहिली. प्रतिपक्ष गैरहजर म्हणून खटला जिंकावा, तसे तिला झाले. निदान त्या मुलीला राग तरी यायला हवा होता. अपमानाची तेवढी तरी किंमत व्हायला हवी होती.

“चला,” जिना उतरताना ती म्हणाली. “चारची बस मिळेल.”

“सिनेमा संपायचाय.”

“अहो, तुम्हाला तर बघवतही नाहीये तो!”

“नसू दे. खुर्ची चांगली आहे.”

उत्तरार्धात विश्वाचा नाश सुरू झाला. पर्वत उडाले, समुद्र उभे राहिले, नायकाची आई तिसऱ्यांदा वारली. बोटे चाक फिरवत नाहीयेत, हे तिच्या जरा उशिराने लक्षात आले. तिने वळून पाहिले. तोंड किंचित उघडे ठेवून तो झोपला होता. चौतीस वर्षे कांड्या विझू नयेत म्हणून, रीळ बदलण्याची खूण चुकू नये म्हणून या इमारतीत ज्याने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, तो पडदा चालू असताना झोपला होता. आठ वर्षांपूर्वी त्याला शाल देऊन, भाषणे करून निवृत्त केले होते खरे. पण त्या कार्यक्रमाला तो बहुधा हजर नव्हता.

मग घोरणे सुरू झाले. पलीकडच्या खुर्चीतला तरुण वाकला.

“आजी, आजोबांना जरा हलवा ना. क्लायमॅक्स चाललाय.”

“अजिबात नाही,” ती म्हणाली. “त्यांची पाळी संपलीये. तुम्हाला त्रास होत असेल, तर मुख्यालयाला कळवा.”