काखेतला पट

पेरिक्लिसने सोंगटी मारली नाही, आणि लाझारोस खुर्चीतून अर्धा उठलाच.

मारली नाही म्हणजे काय? लाझारोसची सोंगटी पटावर एकटी, उघडी पडलेली आणि पेरिक्लिसला हवे तेच फासे पडलेले. शेंबड्या पोरानेही टिपली असती. आणि हा पेरिक्लिस कोण? तर ज्याने स्वतःच्या लग्नाच्या सकाळी सासऱ्याला हरवलं आणि वर पट त्याच्या काखेत कोंबून "जा, शिकून या" म्हणून सांगितलं, तो! बाबिसच्या कॉफीखान्यात रीतच आहे तशी. हरला की लाकडी पट पेटीसारखा मिटायचा, काखेत मारायचा, सगळ्यांच्या टवाळ्या ऐकत घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी निमूट परत आणायचा. व्होलोसच्या बंदरावर पेरिक्लिसने भल्याभल्यांना असं पाठवलं होतं. दया वगैरे त्याच्या गावीही नव्हती.

"दिसली नाही का रे?" लाझारोसने विचारलं.

"काय?"

"माझं थोबाड! सोंगटी, गाढवा!"

"दिसली की," पेरिक्लिस म्हणाला आणि कॉफीच्या कपात बघत बसला. "माझा बेत वेगळा आहे."

बेत कसला बोडक्याचा! थोड्याच वेळात तो हरला. शिवी नाही, फाशांच्या नावाने बोटं मोडणं नाही. पट काखेत घेतला आणि चालता झाला. एरवी हरणाऱ्याला दारापर्यंत टोमणे मारत सोडणारा बाबिससुद्धा पाठ फिरवून कप विसळत होता.

तिथेच लाझारोसच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या महिन्यात इस्पितळात त्याच्या तपासण्या झाल्या होत्या. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, पोटात नळी घालून झाली. निकाल आणायला त्याची बायको इव्हान्थिया एकटीच गेली होती. "सगळं ठीक आहे, फक्त तळलेलं बंद," असं येऊन म्हणाली आणि ह्या शहाण्याने ते खरं मानलं! आता सगळं उलगडत होतं. पेरिक्लिस त्याला जिंकू देत होता. पेरिक्लिससारखा कसाई एखाद्याला कधी जिंकू देईल? तो माणूस चार दिवसांचा सोबती असेल तेव्हाच.

मग तो डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. घरी इव्हान्थिया फोनवर फ्रोसोशी, म्हणजे पेरिक्लिसच्या बायकोशी, हलक्या आवाजात बोलायची आणि हा आत आला की एकदम भेंडीच्या भावावर यायची. एका दुपारी तिने पुढ्यात तळलेल्या मासोळ्यांची ताटली ठेवली.

"तळलेलं बंद होतं ना?"

"अगं बाई! लक्षातच राहिलं नाही बघ. खा आता आजच्या दिवस."

आजच्या दिवस! लिंबू पिळून लाझारोसने सगळ्या मासोळ्या संपवल्या, पण कसलीच चव लागली नाही.

कॉफीखान्यात तो रोज जिंकत होता आणि रोज जास्त घाबरत होता. एकदा तर पेरिक्लिस पट घरीच विसरून आला. लाझारोसला वाटलं, आपल्याला दगदग नको म्हणून मुद्दाम. शेवटी शनिवारी त्याने सापळा लावला. तीन सोंगट्या एकेकट्या उघड्यावर सोडल्या आणि हाताची घडी घालून बसला.

पेरिक्लिसने फासे टाकले. "दोर्तिया!" दोन चौके. तिन्ही सोंगट्या त्याच्या वाटेत होत्या. त्याने एकीलाही हात लावला नाही, उगाच मागची एक पुढे सरकवली.

लाझारोसने पट धाडकन मिटला आणि टोपी न घेताच बाहेर पडला.

इव्हान्थिया ओट्याशी शेंगा मोडत होती.

"सांग," तो दारातूनच ओरडला. "किती दिवस राहिलेत?"

"कशाला?"

"मला! मरायला! सगळ्या गावाला ठाऊक आहे, मलाच तेवढं नाही. तो पेरिक्लिस मला जिंकू देतोय, लाज नाही वाटत तुम्हाला?"

इव्हान्थिया आधी हसली. मग हातातली शेंग खाली ठेवून रडायला लागली.

"तुला काही झालेलं नाही, मेल्या. घोड्यासारखा आहेस. झालंय ते पेरिक्लिसला."

"काय?"

"विसरतो रे तो. पाव आणायला जातो आणि रिकाम्या हाताने येतो. परवा फ्रोसोला विचारलं, तुझी आई जेवली का? तिला जाऊन किती वर्षं झाली! तो तुला जिंकू देत नाही, लाझारे. त्याला पुढचं सुचतच नाही."

खरं सांगायचं तर आधी लाझारोसला हायसं वाटलं, अगदी हात जोडावेसे वाटले. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली, की त्याला बायकोकडे बघवेना. महिनाभर तो पेरिक्लिसचा चेहरा न्याहाळत होता, पण शोधत होता स्वतःचं मरण.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यानेच फ्रोसोला शपथ घातलीय. म्हणाला, जगाला सांग, पण लाझारोसला नको. कळलं तर तो मुद्दाम हरेल."

सोमवारी लाझारोस कॉफीखान्यात गेला तो हरायचंच ठरवून. शपथ गेली खड्ड्यात! इतक्या वर्षांच्या दोस्ताला एक डाव देता येत नाही म्हणजे काय? पेरिक्लिसची सोंगटी उघडी पडली, फासेही मनासारखे पडले, आणि लाझारोसने ती सोडून दिली.

पेरिक्लिसने मान वर केली.

"का नाही मारलीस?"

"माझा बेत वेगळा आहे."

"लाझारे." पेरिक्लिसचा आवाज उतरला होता. "तुला कुणी काही सांगितलं का?"

त्याच्या डोळ्यांतली भीती लाझारोसला अनोळखी नव्हती. तीच तर तो महिनाभर खिशात घालून हिंडला होता.

"चष्मा घरी राहिला, दिसली नाही," तो खेकसला. "आण, चाल परत घेतो."

"ठेवलेली सोंगटी परत? वा रे वा! चालायचं नाही इथे!"

"मग थांब, दाखवतो तुला."

पुढच्याच फाशाला त्याने ती सोंगटी मारली. मग दुसरी मारली, तिसरी मारली, आणि प्रत्येक वेळी टेबलावर आपटून, बाबिसला हाक मारून. पेरिक्लिस फाशांना शिव्या घालू लागला, लाझारोसला चोर म्हणाला, त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याचे गाल लाल झाले होते. डाव संपला तसा लाझारोसने पट मिटला आणि त्याच्या काखेत कोंबला.

"जा, शिकून ये!"

लाझारोसने डोळे वटारले तेव्हा कुठे बाबिस हसला. मग मात्र मोठ्याने हसला.

पेरिक्लिस बडबडत बाहेर पडला आणि डावीकडे, धक्क्याच्या दिशेने चालू लागला. त्याचं घर उजवीकडे होतं. लाझारोस कॉफी तशीच टाकून त्याच्यामागे धावला.

"तू कुठे निघालास?" पेरिक्लिसने संशयाने विचारलं.

"अजून टवाळी बाकी आहे," लाझारोस म्हणाला आणि त्याच्या रिकाम्या काखेत हात घालून त्याला उजवीकडे वळवलं.