शेवटी छत्री

मी वाक्यांची वही बोलतेय. वही कसली, चार पानं आणि दोन टाचण्या. पण माझा रुबाब बघा! माझ्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मुद्दाम गाळलाय. तो तुम्ही भरायचा, आणि चुकीचाच भरायचा. 'टपालवाल्याच्या पोटरीला चावला...' ऐकलं की 'कुत्रा' जिभेवर येतोच. तो गिळून 'पलंग' म्हणायचं. मेंदूचा जिभेवर लगाम आहे की नाही, ते यातून कळतं.

माझी थोरली बहीण इंग्रजी. मला जर्मनमध्ये घडवलं उत्तर जर्मनीतल्या लेअर गावच्या इस्पितळातल्या डॉक्टर वाल्बुर्गांनी. त्या दक्षिणेकडच्या. इथल्या लोकांना आपलं वाटावं म्हणून त्यांनी माझ्यात एक वाक्य घातलं: 'कपात आधी खडीसाखर, मग चहा आणि शेवटी...' इथे चहात शेवटी साय सोडतात, आणि हा क्रम म्हणजे जणू धर्मच. तिथेच घात झाला.

धडधाकट माणसं नीट उत्तरं देतील आणि आजारी अडखळतील, हा फरक दिसला तरच मी खरी ठरणार होते. पहिले आले बंदरावरचे निवृत्त अधिकारी फोको साटहोफ.

"शेवटी साय," ते म्हणाले.

"चुकीचं सांगायचंय, साटहोफसाहेब."

"दुसरं काही विचारा, डॉक्टरीणबाई. चहाच्या बाबतीत चुकीचं बोलायला माझ्या आईनं शिकवलं नाही."

त्यांच्या मागून आलेल्या अकरा जणांचंही तेच. धडधाकट माणसं नापास आणि मी रडकुंडीला.

इकडे तोमा डिर्क्स रोज चौकशीला यायच्या. पक्षाघातानंतर त्यांचा नवरा ओनो मनात येईल ते बोलून टाकायचा. शेजारणीला तोंडावर म्हणाला, "हा केक आहे की चप्पल?" बाकी तपासण्या चोख निघाल्या होत्या. नणंद सुनवायची, "तो ठणठणीत आहे, तूच कंटाळलीस त्याला." तोमाबाईंचं कुणीतरी खरं मानायला हवं होतं, आणि मीच अजून खरी ठरले नव्हते.

शेवटी वाल्बुर्गांनी माझ्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: 'इथे चुकीचं उत्तर देणं हाच नियम आहे.' साटहोफसाहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"मग आधी सांगायचं ना. नियम म्हणजे नियम. शेवटी मोजे."

गाडी रुळावर आली. पुढे दोनशे माणसं झाली. वेगवेगळ्या तपासनिसांनी दिलेले गुण जुळले, आजारी आणि धडधाकट यांतला फरक ढळढळीत दिसला. मी पास झाले!

मग ओनो बसला. "कुत्रा," तो म्हणाला. "साय. चुकतंय, कळतंय मला. पण तोंड थांबतच नाही."

निकाल ऐकून तोमाबाई रडल्या. "म्हणजे माझ्या मनाचे खेळ नव्हते," एवढंच बोलल्या. नणंदेने तो कागद वाचला आणि दर मंगळवारी ओनोला जीभ आवरायच्या सरावाला इस्पितळात ती स्वतः आणू लागली.

वर्षाने पुन्हा मला उघडलं. चहाच्या वाक्याशी ओनोचे ओठ उघडले, मिटले.

"छत्री," तो म्हणाला.

आता माझे कोपरे दुमडलेत, कपाटात नव्या प्रती आल्यात. मागणं एकच: घरचं माणूस 'काहीतरी बदललंय' म्हणालं तर आधी त्याचं ऐका, मग मला उघडा.

आणि हो, परवा तोमाबाई सांगत होत्या. रविवारी शेजारीण पुन्हा केक घेऊन आली. ओनोने घास तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "चहा छान झालाय."